प्रपंचातलं आध्यात्मिक वाचन : किती, कधी, कोणतं आणि कुठे फसतं

संथवाचक (सांगली)

सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात कॅथलिक घरं मोजकी. रविवारची मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) झाली की पुढचे सहा दिवस जो तो आपापल्या कामाला. आठ-दहा घरांनी मिळून वर्षभर काहीतरी वाचावं असं घाटतंय, म्हणून हा धागा. आधी थोडं मांडतो, जाणकारांनी दुरुस्त्या कराव्यात.

वसईकडच्या मराठीत धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या श्रद्धावंताला ‘प्रापंचिक’ म्हणतात. शब्द चपखल आहे, पण तो आपल्याला चकवतोही. प्रपंच म्हटलं की पलीकडे परमार्थ उभा राहतो, आणि एक आटोपला की मग दुसरा, असा क्रम मनात आपोआप लागतो. पोरांची लग्नं होऊ देत, रिटायर होऊ दे, मग वाचू. चर्चची शिकवण नेमकी या क्रमाच्या विरुद्ध आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) ‘लुमेन जेन्शियुम’ हा दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ चा. त्याचं पाचवं प्रकरण पावित्र्याचं पाचारण सगळ्यांनाच आहे एवढ्याच विषयाला वाहिलंय, आणि ४१ व्या परिच्छेदात नवराबायको, विधवा, कष्टकरी, आजारी अशी एकेकाची दखल घेतलीय. ज्याचं जे काम, त्यातूनच त्याचा मार्ग.

हे १९६४ ला अचानक सुचलेलं नाही. जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) यांचं ‘इंट्रोडक्शन टू द डिव्हाउट लाइफ’ १६०९ मध्ये आलं, तेच मुळी संसारी माणसासाठी. सैनिकाच्या तुकडीतून, कारागिराच्या दुकानातून, राजाच्या दरबारातून, विवाहितांच्या घरातून भक्तीला हद्दपार करणं ही नुसती चूक नाही, पाखंड आहे, इतक्या कडक शब्दांत त्यांनी लिहिलंय. बिशप आणि साधूने एकाच पद्धतीने भक्ती करावी का, नवराबायकोने कॅप्युचिन साधूंसारखं पैशाकडे पाठ फिरवून चालेल का, असं विचारून ते म्हणतात की असली भक्ती हास्यास्पद होईल. हळदीच्या पेठेत बसणाऱ्याने सौदे सोडून दिवसभर जपमाळ ओढली तर ते पावित्र्य नाही, कर्तव्यात कसूर आहे. (हे वाक्य माझं, बिशपांचं नाही.)

आता मुद्द्याचं. प्रस्ताव असा : रोज १५ मिनिटं. त्यातली साधारण आठ वाचनाची, पाच गप्प बसण्याची, दोन मिनिटं एक ठराव करायला. पानांचं बंधन नाही, वेळेचं आहे. एका वेळी एकच पुस्तक. कुठलं, ते तुम्ही सांगा.

---

रात्रपाळी

वेळेबद्दल आधी बोलते, कारण पुस्तकापेक्षा तिथेच जास्त जण गळतात.

‘पहाटे पाचला उठून वाचा’ हा सल्ला मिरजेतल्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्यांना किंवा कारखान्यात पाळी असणाऱ्यांना कुचकामी आहे. ड्यूटी बदलते. ज्या दिवशी रात्रपाळी सुटते त्या दिवशी पहाटेचे पाच म्हणजे कामाची ऐन घाई. घड्याळाला बांधलेली सवय पाळी बदलताच मोडते आणि दोन आठवडे मोडली की माणूस सोडून देतो. वाचन घड्याळाला बांधू नका, रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीला बांधा : कामावरून आल्यावर हातपाय धुतले की, चहाचं आधण ठेवायच्या आधी. किंवा डबा भरून झाला की. पाळी कुठलीही असो, ती गोष्ट घडतेच.

दुसरं, झोपताना अंथरुणात आडवं होऊन वाचणं. हे टिकत नाही, तीन ओळींत डोळा लागतो. झोप लागली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका (फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेसासुद्धा प्रार्थनेत पेंगत, आणि झोपलेली लेकरंही आईबापांना तितकीच प्यारी असतात असं म्हणत), पण जागाच झोपेची निवडली असेल तर दोष तेरेसाच्या माथी मारू नये. खुर्ची घ्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीला.

---

बेदाणाशेड

+१. त्यात आमच्या तालुक्याचा हंगाम धरा.

चर्चचं वर्ष आणि तासगावचं वर्ष एकमेकांना आडवं जातं. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्यामध्ये कधीही येतो आणि ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये. म्हणजे उपवासकाळाचे चाळीस दिवस नेमके द्राक्षाची तोड, बेदाण्याची रॅक भरणं आणि हळदीची काढणी-शिजवणी यांत सापडतात. ईस्टर झाला की लगेच द्राक्षवेलींची खरडछाटणी. आगमनकाळ पकडावा तर नाताळाआधीचे ते चार रविवार उसाच्या गळीत हंगामात. नवं मोठं पुस्तक उपवासकाळात सुरू करायची सगळीकडे पद्धत आहे, पण इकडे ते दुसऱ्या आठवड्यात बारगळतं. आळस हे त्याचं कारण नव्हे, दिवस चौदा तासांचा असतो.

उलटं करा. सुरुवात जूनमध्ये, पेन्टेकॉस्टनंतरच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) सामान्य काळात. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातल्या त्यात मोकळीक. जड पुस्तक त्या चार महिन्यांत. ऑक्टोबरच्या छाटणीपासून हलकं, तुकड्यातुकड्यांत वाचता येईल असं. आणि उपवासकाळात नवं काहीच नाही : फक्त त्या दिवसाच्या मिस्सेचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचा बायबलमधला उतारा), जास्तीत जास्त पंधरा ओळी. चाळीस दिवसांत तेवढं नीट झालं तरी पुष्कळ.

---

ओवीधर

पुस्तकांबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

‘इमिटेशन ऑफ ख्राइस्ट’ने सुरुवात करा असं बहुतेक जण सांगतात. पुस्तक थोर आहे, पण पहिल्या पानापासून सुरू केलंत तर प्रापंचिकाचा गोंधळ होतो. थॉमस अ केम्पिस (मृत्यू १४७१) मठात राहणारे, आणि लिहिलंय मठवासीयांसाठी. चार भाग : पहिल्यात २५ प्रकरणं, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात ५९, चौथ्यात १८. एकूण ११४. पहिल्या भागातलं १७ वं प्रकरण मठातल्या जीवनावर आहे, २० वं एकांत आणि मौनावर. चार खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या घरातल्या सुनेने ते वाचलं की तिला वाटतं, ही माणसं नसती तर मी पवित्र झाले असते. मग चिडचिड वाढते, आणि दोष पुस्तकाला. पुस्तकाचा दोष नाही, क्रमाचा आहे.

क्रम असा लावा. आधी दुसरा भाग, रोज एक प्रकरण. शेवटचं १२ वं क्रुसाच्या राजमार्गावर आहे, ते दोन दिवस घ्या. मग पहिल्या भागातलं फक्त १६ वं, दुसऱ्यांचे दोष सोसण्याबद्दलचं. एकत्र कुटुंबासाठी याहून नेमकं काही सापडणार नाही. मग चौथा भाग, पण रोज नाही : तो पवित्र कम्युनियनवर (मिस्सेत भाकरीच्या रूपात ख्रिस्ताला स्वीकारणं) आहे, म्हणून शनिवारी रात्री एक प्रकरण, रविवारच्या मिस्सेची तयारी म्हणून. अठरा आठवडे पुरतो. तिसरा भाग, म्हणजे प्रभू आणि शिष्य यांचा संवाद, पावसाळ्यात. पहिला सगळ्यात शेवटी. तोवर वाचणाऱ्याला आपल्या घरासाठी काय घ्यायचं आणि मठासाठी काय सोडायचं हे कळायला लागलेलं असतं.

फ्रान्सिस द सेल्सचं पुस्तक मात्र ओळीनेच वाचायचं. पाच भाग आहेत, आणि पहिल्यात दहा मननं आहेत : आपली निर्मिती, आपण कशासाठी निर्माण झालो, देवाचे उपकार, पाप, मृत्यू, न्याय, नरक, स्वर्ग आणि शेवटी दोन निवडीची. दिवसाला एक, शक्यतो सकाळी, आणि दिवसभर त्याचा रवंथ. इथे घोळ असा होतो की लोक दहाही मननं एका बैठकीत वाचून काढतात, कारण प्रत्येक जेमतेम दोन-तीन पानांचं आहे. पाप, मृत्यू आणि नरक एका दमात वाचल्यावर जे उरतं त्याला पश्चात्ताप म्हणत नाहीत, धडकी म्हणतात. दहा मननांनंतर त्यांनी सबंध आयुष्याचं पापनिवेदन सुचवलंय, तेव्हा धर्मगुरू कधी भेटू शकतील ते आधी ठरवून मगच पहिलं मनन सुरू करा.

शब्दाबद्दलही सावध. ‘डिव्होशन’ला आपण भक्ती म्हणतो आणि डोळ्यांपुढे टाळ-मृदंग, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मेणबत्त्या येतात. त्यांच्या लेखी प्रीती म्हणजे अग्नी आणि त्याची ज्वाळा झाली की डिव्होशन. तेच चांगलं काम, पण चटकन, आनंदाने. शहामृग उडतच नाही, कोंबडी जड, थोडंसं आणि खालून उडते. गरुड, पारवे, पाकोळ्या वारंवार आणि उंच, असा त्यांचाच दाखला आहे. आपल्यातले बरेचसे कोंबडीगटात.

---

आयर्विनकट्टा

मी कॅथलिक नाही, पण वाचतोय, म्हणून दोन शंका. एक, रोज पंधरा मिनिटं आणि पानांचं बंधन नाही, मग पूर्ण कधी होणार? आमच्याकडे पारायण म्हटलं की सात दिवसांत ग्रंथ पुरा. संकल्प सोडलाय तर तो फेडायलाच लागतो. दुसरी, ‘पावित्र्य’ म्हणजे नक्की काय म्हणताय? सोवळ्यातलं काही?

---

संथवाचक

पारायणाची शंका अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवते, कारण आपण सगळे इथलेच. पारायणात पठणालाच मोल आहे, ग्रंथ पूर्ण होण्यात संकल्पाची पूर्तता आहे. त्याची एक स्वतंत्र शिस्त आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तीच सवय इकडे आणली की नुकसान होतं. इथे वाचन हे प्रार्थनेचं सरपण. पेटलं की सरपण टाकणं थांबवायचं.

बाराव्या शतकात गुइगो दुसरे नावाचे कार्थुशियन मठाधिपती होते. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना, दर्शनसुख. दाखला जेवणाचा दिलाय. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थना म्हणजे चव लागणं, आणि चौथी पायरी ती गोडीच. न चावता घासावर घास घेतला तर काय होतं ते सांगायला नको. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांनीही ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस’च्या सुरुवातीच्या सूचनांतच म्हटलंय की पुष्कळ जाणल्याने जीव तृप्त होत नाही, आतून चाखल्याने होतो.

त्यामुळे नियम : एखादं वाक्य अडवतंय, बोचतंय किंवा गोड लागतंय, की तिथे थांबा. उरलेली मिनिटं त्याच वाक्यावर गेली तरी चालतील. दुसऱ्या दिवशी तिथूनच. मधमाशी फुलात मध असेपर्यंत फूल सोडत नाही, तसं. पेन्सिलीची एक बारीक खूण समासात, बस. पानभर अधोरेखित करणारे पुढच्या खेपेला काहीच शोधू शकत नाहीत.

पावित्र्याचं मात्र कुणीतरी नीट सांगा.

---

ओवीधर

आयर्विनकट्टाभाऊ, सोवळं नाही. सोवळ्यात स्पर्शाने बाधा येते. मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात नेमका हाच वाद आहे, न धुतलेल्या हातांवरून. येशूचं उत्तर असं की बाहेरून आत जाणारं काही माणसाला विटाळत नाही, आतून बाहेर येतं ते विटाळतं. तेव्हा पावित्र्य म्हणजे गर्दीपासून अंग चोरून राहणं नव्हे. प्रीती पूर्णत्वाला जाणं, एवढाच अर्थ.

तुमच्या ओळखीचा दाखला हवा तर सावता माळी घ्या. मळा सोडून पंढरी नाही. तिथपर्यंत दोन्हीकडचं जवळ आहे. वेगळेपण कुठे, तर हे सगळं माणसाच्या नेटाने जमतं असं मानायला कॅथलिक शिकवण तयार नाही. पोप फ्रान्सिस यांच्या ‘गाउदेते एत एक्सुलताते’ (१९ मार्च २०१८) या पत्रात दुसरं प्रकरण दोन शत्रूंवर आहे : एक, ज्ञान मिळालं की झालं असं मानणारे, दुसरे, इच्छाशक्ती लावली की झालं असं मानणारे. वाचनगटाला दोन्ही रोग जडतात. पहिला पहिल्या सहा महिन्यांत, कारण माणूस शब्द शिकतो आणि बोलायला लागतो. दुसरा ठरावांच्या वह्या भरायला लागल्यावर.

हे पत्र यादीत घ्याच. १७७ परिच्छेद, प्रत्येक छोटा, क्रमांक दिलेले. ऑक्टोबरच्या छाटणीपासून रोज एक घेतला तर मार्चअखेर संपतं. बेदाणाशेड म्हणतात ते ‘हलकं आणि तुकड्यातलं’ हेच. १६ वा परिच्छेद पाहा : बाई बाजाराला निघते, शेजारीण भेटते, कुचाळकी सुरू होते, आणि ती मनात म्हणते, नाही, मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. घरी येते, दमलेली असते, पण पोराला बोलायचं असतं म्हणून बसून ऐकते. मग जिवाची घालमेल होते तेव्हा जपमाळ घेते. मग रस्त्यात गरीब माणूस दिसतो, थांबून दोन शब्द बोलते. चारही गोष्टी सांगलीच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान घडू शकतात.

---

साधंच_बरं

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. पूर्वीच्या लोकांना वाचता येत नव्हतं. जपमाळ, मिस्सा, उपवास. त्यांच्यात संत नव्हते का? वाचनाने माणूस शहाणा होतो, पवित्र नाही.

---

रात्रपाळी

साधंच_बरं काका, अर्धं पटलं. १२ मार्च १६२२ ला रोममध्ये पाच जण एकाच दिवशी संत जाहीर झाले : इग्नेशियस, फ्रान्सिस झेवियर, स्पेनमधल्या आविलाची तेरेसा (लिझ्यूची वेगळी), फिलिप नेरी, आणि पाचवे इसिदोर, माद्रिदजवळच्या जमीनमालकाकडे नांगर धरणारे शेतमजूर. चार नावाजलेल्यांच्या रांगेत एक औतकरी. त्यांचा सण १५ मे. तेव्हा वाचन ही अट नाही, कबूल.

पण जपमाळेलाच वाचन जोडता येतं, आणि ज्यांना पुस्तक झेपत नाही त्यांच्यासाठी ते उत्तम. जपमाळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातल्या ज्या प्रसंगांचं मनन करतात त्यांना रहस्यं म्हणतात. सोमवार आणि शनिवारची आनंदाची रहस्यं घ्या. पाचही लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत आहेत : पहिलं १:२६-३८, दुसरं १:३९-५६, तिसरं २:१-२०, चौथं २:२२-४०, पाचवं २:४१-५२. प्रत्येक दशकाआधी (दहा मण्यांच्या टप्प्याआधी) एकाने तेवढा उतारा मोठ्याने वाचायचा, चार श्वास गप्प, मग दहा ‘नमो मरिया’. घरात एकाला वाचता येत असेल तरी पुरे. जपमाळेला साधारण वीस मिनिटं लागत असतील तर अशी अर्ध्या तासावर जाते, म्हणून रोज नको, आठवड्यातून दोनदाच. रोज करायला गेलं की पोरं पळतात.

---

साधंच_बरं

हे चालेल.

---

बेदाणाशेड

संतचरित्रांबद्दल. पोरांना द्यायला बहुतेक चरित्रंच आणली जातात आणि त्यांत चमत्कार भरलेले. वाचून पोरगं म्हणतं, भारी, आणि पुस्तक मिटतं. आपल्याला त्यातलं काही करता येत नाही. निवडताना एक कसोटी लावा : या माणसाचा मंगळवार कसा जात होता ते पुस्तकातून कळतं का?

कळतं अशी नावं : लुई आणि झेली मार्तें, लिझ्यूच्या तेरेसाचे आईवडील. तो घड्याळजी, ती लेसचा धंदा करणारी. नऊ मुलं, त्यातली चार लहानपणीच गेली. १८ ऑक्टोबर २०१५ ला दोघं एकत्र संत जाहीर झाले, नवराबायको म्हणून जोडीने झालेले पहिले. झेलीची दोनशेहून जास्त पत्रं उरलीत आणि त्यांत कारागीर बायका, मालाची मुदत, मुलांची आजारपणं हेच. जाना मोल्ला (१९२२–१९६२), डॉक्टर, २००४ मध्ये संत. आणि आपल्याकडचे देवसहायम पिळ्ळै, त्रावणकोरच्या दरबारातले गृहस्थ, १७४५ मध्ये बाप्तिस्मा, १७५२ मध्ये हौतात्म्य, १५ मे २०२२ ला संत. भारतातले पहिले प्रापंचिक संत. (पुन्हा १५ मे. इसिदोरबाबांची तारीख.)

---

ओवीधर

+१ मंगळवारच्या कसोटीला.

आता ठरावाबद्दल, कारण संथवाचकांनी दोन मिनिटं दिलीत आणि सगळं वाचन त्या दोन मिनिटांत तरतं किंवा बुडतं. ‘आजपासून रागावणार नाही’ हा ठराव नव्हे. ठरावात माणूस, जागा आणि वेळ पाहिजे : आज संध्याकाळी बिलावरून नेहमीच्या गिऱ्हाईकाने घोळ घातला तर पहिलं वाक्य बोलायच्या आधी पाण्याचा घोट. एवढाच. रोज एक. फ्रान्सिस द सेल्स मननाच्या शेवटी बागेतून चार-पाच फुलं खुडून दिवसभर हुंगायला सोबत घ्यायला सांगतात. शिवाय म्हणतात, मननातून उठल्यावर लगेच धक्का बसू देऊ नका; चिनीमातीच्या भांड्यात मोलाचं अर्क घेऊन घरी निघालेला माणूस जसा पायाखाली बघत चालतो, तसं कामाकडे वळा. व्यवहारात त्याचा अर्थ : पुस्तक मिटल्याबरोबर फोन उचलू नका.

एखादी खोड जुनी असेल तर इग्नेशियसची पद्धत. सकाळी उठताना त्या एका दोषापुरता निश्चय. दुपारी जेवणानंतर पहिला हिशेब, रात्री जेवणानंतर दुसरा. वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी दोन-दोन रेघा, वरची दुपारची, खालची रात्रीची. जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडायचा. त्यांच्या पुस्तकात छापलेल्या रेघा दिवसागणिक आखूड होत जातात, म्हणजे ठिपकेही तसे कमी व्हावेत. एका वेळी एकच दोष. तीन दोषांचे तीन तक्ते काढणारा चौथ्या दिवशी वही हरवतो.

---

रात्रपाळी

इथे एक इशारा द्यायलाच हवा. काही माणसं मुळातच स्वतःवर कडक असतात. त्यांच्या हातात ठिपक्यांची वही दिली की आजार होतो. खुणा : एकच पाप कबूल करून झाल्यावर पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटणं, प्रार्थनेचा शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात, कम्युनियनला जायला भीती. याला चर्चमध्ये स्क्रुपल्स म्हणतात आणि तो पावित्र्याचा पुढचा टप्पा मुळीच नाही. अशा माणसाने वही बंद करावी, एकाच धर्मगुरूकडे जावं आणि तो सांगेल ते ऐकावं. दहा जणांना विचारत फिरू नये. झोप-जेवण उडालं असेल तर डॉक्टरकडेही जावं, त्यात कमीपणा नाही. फ्रान्सिस द सेल्सच्या तिसऱ्या भागातलं नववं प्रकरण स्वतःशी सौम्य राहण्यावर आहे. अशांना फक्त तेवढंच वाचायला द्यावं, नरकाचं मनन नको.

---

आयर्विनकट्टा

आणि काहीच वाटत नसेल तर? वाचतोय, पण लाकूड चावल्यासारखं?

---

ओवीधर

त्याला रुक्षता म्हणायचं, आणि ती येतेच. आधी साधी कारणं तपासा : झोप कमी, पुस्तक भलतंच कठीण, भाषांतर बोजड, किंवा कुणाशी तरी वैर धरलंय आणि ते सोडायचं नाहीये. शेवटचं कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात शेवटी कबूल होतं.

कारण सापडलं नाही तर इग्नेशियसचे दोन नियम : उदासपणात आधीचा निर्णय बदलू नका, आणि ठरलेली वेळ कमी करण्याऐवजी किंचित जास्त बसा. म्हणजे पंधराची सोळा मिनिटं. पुस्तक बदलायची हुक्की नेमकी तेव्हाच येते; महिना काढा, मग बघा. आविलाच्या तेरेसांनी लिहिलंय की बरीच वर्षं कम्युनियननंतरची वेळ सोडली तर पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं त्यांना धाडस होत नव्हतं. नुसतं जवळ असलं तरी धीर येई, कधी थोडं वाचत, कधी पुष्कळ.

---

संथवाचक

गटाच्या बैठकीचं ठरवू. पंधरा दिवसांतून एकदा, एका घरी, ६ ते ८ माणसं, बरोबर एक तास. पाच मिनिटं शांतता आणि पवित्र आत्म्याची प्रार्थना. उतारा दोनदा मोठ्याने, वेगवेगळ्या आवाजात, दहा मिनिटं. दहा मिनिटं पूर्ण गप्प. ही जड जातात, म्हणून एकाने घड्याळ लावायचं. मग पंचवीस मिनिटं, प्रत्येकाने तीनेक मिनिटं, आपल्याला काय लागलं तेवढंच. दुसऱ्याला उत्तर नाही, दुरुस्ती नाही, प्रवचन नाही. शेवटची दहा मध्यस्थीची प्रार्थना आणि ‘हे आमच्या पित्या’.

मोडतं कुठे? पहिलं, एक जण बोलत सुटतो. दुसरं, नवरा बायकोचे दोष ‘उदाहरणादाखल’ सांगतो. तिसरं आणि खरं, खाणं. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा-पोहे, पाचव्या घरी गुलाबजाम, आणि सातव्याला परवडत नाही म्हणून ते यायचे बंद होतात. नियम लेखी करा : फक्त चहा.

---

बेदाणाशेड

एक राहिलं. मिरज-सांगलीत प्रॉटेस्टंट शेजारी पुष्कळ, तेही बसतील, बसावेत. पण बायबल वेगवेगळी निघतात. त्यांच्या ‘पवित्र शास्त्रा’त ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३, टोबित, यहुदीथ, मक्काबींची दोन, प्रज्ञाग्रंथ, बेनसिरा आणि बारूख त्यांच्याकडे नाहीत. कॅथलिकांमध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ (२०१०) बऱ्याच घरांत आहे, मराठी ओघवतं, मोठ्याने वाचायला सोपं. गटात वाचताना एकच भाषांतर ठरवा, नाहीतर दहा मिनिटं ‘माझ्यात असं नाहीये’ यातच जातात.

---

ओवीधर

आणि स्तोत्रांचे आकडे. जुन्या कॅथलिक पुस्तकांत लॅटिन बायबलचा क्रम असतो, त्यात हिब्रूतलं नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र आहे, म्हणून पुढे बहुतेक ठिकाणी आकडा एकने कमी. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे २३ वं जुन्या पुस्तकात २२ वं सापडेल, पश्चात्तापाचं ५१ वं तिथे ५० वं. प्रार्थनेच्या पुस्तकातला आकडा जुळत नसला तर एक पुढे बघा.

---

रात्रपाळी

फोनवर वाचणाऱ्यांसाठी : चालतं, रात्रपाळीत तेच सोयीचं. आदल्या दिवशी पान उतरवून ठेवा आणि बसताना फ्लाइट मोड. खूण मात्र कागदावरच, खिशातल्या वहीत एक ओळ. फोनमधली खूण दुसऱ्या दिवशी कुणी उघडून बघत नाही.

---

संथवाचक

ठरलं तर. जूनचा पहिला रविवार, मिस्सेनंतर. ‘इमिटेशन’चा दुसरा भाग, पहिलं प्रकरण. वही शंभर पानी नको, चाळीस पानी आणा.